चिडायचं तर कुठल्या शब्दांवर

इंग्रजी ज्याची मायबोली आहे अशा कुठल्याही माणसाला विचारा, तुमच्या भाषेतला कोणता शब्द तुमच्या डोक्यात जातो? उत्तरासाठी थांबावं लागत नाही. कुणाला 'लिटरली' सहन होत नाही, कुणाला वाक्याच्या तोंडी येणारा 'सो'. कुणी 'गोइंग फॉरवर्ड' ऐकलं की तोंड फिरवतो, कुणी 'रीच आउट' वाचलं की ईमेल तिथंच बंद करतो. 'इम्पॅक्ट' क्रियापदासारखा वापरलेला दिसला की निवृत्त शिक्षक वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं लेक सुपीरियर स्टेट विद्यापीठ तर १९७६पासून दरवर्षी हद्दपार करायच्या शब्दांची यादी जाहीर करतं. लोक आपापले नावडते शब्द तिकडे पाठवतात, यादी छापून येते, तिची चर्चा होते. आणि त्यातले बहुतेक शब्द पुढेही बोलण्यात राहतात.

हे पुस्तक त्या रागाविषयी आहे. राग खरा असतो आणि मला तो मोलाचा वाटतो. ज्याला भाषेची पर्वाच नाही त्याला तिच्यातला एखादा शब्द खुपणारच नाही. पण तीनशे वर्षांचा इंग्रजीचा इतिहास चाळला तर हा राग फार मोठ्या प्रमाणात भलत्याच शब्दांवर खर्च झालेला दिसतो. ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही अशा शब्दांना बोल लागले. ज्यांनी माणसांची घरं बुडवली ते शब्द सभ्य होते, व्याकरणशुद्ध होते, साहेबाच्या सहीनं आले होते, म्हणून त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. हा फरक मराठी वाचकासमोर नीट ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

सुरुवात जोनाथन स्विफ्टपासून करावी लागते. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणारे तेच हे स्विफ्ट. १७१०च्या सप्टेंबरात 'टॅटलर' या नियतकालिकात त्यांनी नव्या शब्दांवर हल्ला चढवला. 'मॉब' हा त्यांचा खास शत्रू. 'मोबिले व्हल्गस', म्हणजे चंचल जमाव, या लॅटिन शब्दजोडीचं शेपूट छाटून लोकांनी 'मॉब' केला होता आणि स्विफ्टना ही छाटाछाट रानटीपणाची वाटे. 'बँटर', 'शॅम', 'बांबूझल' हे शब्दही त्यांच्या काळ्या यादीत होते. दोन वर्षांनी, १७१२मध्ये, त्यांनी थेट लॉर्ड ट्रेझरर रॉबर्ट हार्ली यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला, की फ्रान्सप्रमाणे इंग्लंडनंही जाणत्यांचं एक मंडळ नेमावं आणि त्या मंडळानं इंग्रजी स्वच्छ करून कायमची बांधून टाकावी. १७१४मध्ये राणी अ‍ॅन वारल्या, हार्लींचं राजकारण संपलं आणि मंडळ काही झालं नाही. 'मॉब' आज इंग्रजीत कुणालाही खटकत नाही. आपल्या मराठी बातम्यांतही तो 'मॉब लिंचिंग'च्या रूपानं येऊन बसला आहे.

त्यानंतर बेंजामिन फ्रँकलिन. फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं राहून ते मायदेशी परतले, तर लोकांच्या बोलण्यात त्यांना नवी क्रियापदं ऐकू येऊ लागली. 'नोटिस', 'अ‍ॅडव्होकेट', 'प्रोग्रेस' ही नामं होती, त्यांची क्रियापदं कुणी केली? १७८९च्या डिसेंबरात, त्र्याऐंशी वर्षांच्या वयात, त्यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहून गळ घातली, की तुमच्या वजनानं हे थांबवा. पुढे १८३२मध्ये कवी कोलरिज 'टॅलेंटेड' या शब्दावर संतापले. हे चारही शब्द आज शाळेतल्या निबंधात खुशाल येतात आणि शिक्षक त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाहीत.

फ्रँकलिनच्या तक्रारीत आणखी एक गोष्ट दडली आहे. त्यांना नवी वाटलेली क्रियापदं तितकीशी नवी नव्हतीच. 'प्रोग्रेस' तर शेक्सपिअरनं क्रियापद म्हणून वापरलं होतं. आपल्या कानावर शब्द पहिल्यांदा पडला की तो भाषेतही आजच आला असं वाटतं. आर्नल्ड झ्विकी या अमेरिकन भाषावैज्ञानिकानं २००५मध्ये या भ्रमाला नावही दिलं. 'लिटरली'ची गोष्ट अशीच आहे. 'मी लिटरली मेलो' असं जिवंत माणूस म्हणतो, ही नव्या पिढीची घाण आहे अशी सार्वत्रिक समजूत. पण डिकन्स, शार्लट ब्राँटी, मार्क ट्वेन या तिघांच्याही कादंबऱ्यांत हा शब्द असा जोर देण्यासाठी आलेला आहे. अँब्रोज बिअर्स यांनी १९०९मध्ये त्याविरुद्ध छापील तक्रार केली होती, म्हणजे तक्रारीलाही शंभर वर्षं उलटून गेली. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानं २०११मध्ये हा वापर आपल्या नोंदीत स्पष्टपणे मांडला. २०१३मध्ये ते वर्तमानपत्रांच्या लक्षात आलं आणि इंग्रजीचा अंत झाल्यासारखे मथळे छापून आले. कोशानं एवढंच सांगितलं होतं, की लोक असं बोलतात.

काही राग तर नियमाच्या वेशात आले. वाक्य शब्दयोगीवर संपवू नये, हा दंडक जॉन ड्रायडन या कवीकडून आला. १६७२मध्ये त्यांनी बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला आणि मग स्वतःच्या जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढताना तसली वाक्यं शोधून शोधून बदलली. ड्रायडनच्या डोक्यात लॅटिनचा नमुना होता. इंग्रजी बोलणारा सामान्य माणूस ड्रायडनच्या आधीही वाक्य तसं संपवत होता आणि आजही संपवतो. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घुसवू नये, हा दुसरा दंडक कँटरबरीचे डीन हेन्री अल्फर्ड यांनी १८६४च्या 'द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकातून पसरवला. त्यांचं म्हणणं, असं कुणी बोलत नाही. लोक बोलत होतेच. जॉर्ज वॉशिंग्टन मून या गृहस्थांनी 'द डीन्स इंग्लिश' नावाचं अख्खं पुस्तक लिहून अल्फर्डसाहेबांच्या स्वतःच्या इंग्रजीतले दोष मोजून दाखवले. तरी तो दंडक शंभर वर्षं शाळांमधून ठोकला गेला. १९६६मध्ये 'स्टार ट्रेक' मालिकेच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला 'टू बोल्डली गो' हे शब्द येऊ लागले, आणि त्यांतला 'बोल्डली' उचलून दुसरीकडे ठेवला तर वाक्याचा ताल मोडतो हे कुणाच्याही कानाला कळतं.

या दंडकांचा आपल्याला झालेला जाच मोठा आहे. आपल्याकडे इंग्रजी घरातून आली नाही, पुस्तकातून आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि नंतर 'रेन अँड मार्टिन'वर कितीतरी पिढ्या घडल्या. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि 'बो जेस्त' ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची गाजलेली कादंबरीही त्यांचीच. त्यांचं व्याकरण उत्तम आहे. मला त्याबद्दल आदर आहे. पण पुस्तकातून शिकणाऱ्याला भाषेचा खरा नियम कोणता आणि कुणा एका साहेबाची आवड कोणती, हे ओळखता येत नाही. त्याला दोन्ही सारखेच दरारा बसवणारे. इंग्लंडातला गवंडी 'इझ नॉट'ऐवजी 'एंट' बिनधास्त म्हणतो. साताऱ्याचा पदवीधर मात्र वाक्य शब्दयोगीवर संपलं म्हणून अर्ज पुन्हा टाइप करतो.

इंग्लंडात या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे: वर्ग. १९५४मध्ये अ‍ॅलन रॉस या भाषावैज्ञानिकानं वरच्या वर्गाची आणि इतरांची शब्दनिवड कशी वेगळी असते यावर एक अभ्यासलेख लिहिला आणि पुढच्याच वर्षी नॅन्सी मिटफर्ड यांनी तो विषय 'एन्काउंटर' मासिकातून घराघरांत नेला. हात पुसायच्या कापडाला 'नॅपकिन' म्हणणारा वरचा, 'सर्व्हिएट' म्हणणारा खालचा. 'टॉयलेट' म्हटलं की संपलं, 'लॅव्हेटरी' म्हणायला हवं. गंमत म्हणून सुरू झालेल्या त्या चर्चेनं पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत खरी धास्ती निर्माण केली. 'सर्व्हिएट' हा शब्द ऐकून येणारी तिडीक कापडाची नसते, ती बोलणाऱ्या माणसाच्या घराण्याची असते. इंग्रजीतल्या कितीतरी चिडींचं मूळ इथं आहे, आणि ज्या चिडीचं मूळ इथं आहे ती सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणूनच भारतीय इंग्रजीची थट्टा मला मान्य नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुलामुलींना परदेशातले सहकारी, आणि त्याहून जास्त आपलेच वरिष्ठ, 'डू द नीडफुल'वरून हिणवतात. हा प्रयोग आपण तयार केला नाही. ब्रिटिश कारभाराच्या पत्रांतून तो आपल्या कचेऱ्यांत आला. तिकडे तो मागे पडला, इकडे राहिला. 'आउट ऑफ स्टेशन'मधलं स्टेशन रेल्वेचं नव्हे. गोऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक जिथं असे त्या ठाण्याला स्टेशन म्हणत, आणि तो बाहेरगावी गेला की तो 'आउट ऑफ स्टेशन'. 'प्रीपोन' तर इतका कामाचा शब्द आहे की ऑक्सफर्डच्या कोशात तो गेला आहे. सभा अलीकडे घेतली हे एका शब्दात इतक्या नेमकेपणानं सांगायची सोय इंग्रजीत दुसरी नाही. समोरचा लंडनचा असेल तर 'रिव्हर्ट'चा अर्थ त्याला उत्तर देणं असा लागणार नाही, आणि 'कॉलेजातून पास्ड आउट' म्हटलं की माणूस चक्कर येऊन पडला असं तो समजेल, एवढं ध्यानात ठेवून शब्द बदलावा. तो व्यवहार झाला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एवढं वाचून वाटेल, की मग भाषेवर चिडायचं कारणच उरत नाही. तसं नाही. फाउलर कुठं चिडतात ते पाहण्यासारखं आहे. हेन्री फाउलर हे शाळामास्तरकी सोडून लेखनाकडे वळलेले गृहस्थ. भाऊ फ्रँक यांच्याबरोबर त्यांनी १९०६मध्ये 'द किंग्ज इंग्लिश' काढलं, फ्रँक १९१८मध्ये गेले, आणि १९२६मध्ये हेन्रींनी एकट्यानं पुरं केलेलं 'मॉडर्न इंग्लिश यूसेज' आलं. इंग्रजी वापरावर याहून प्रेमानं लिहिलेलं पुस्तक मला माहीत नाही. 'टू' आणि क्रियापद तोडू नये, वाक्य शब्दयोगीवर संपवू नये, या गोष्टींना ते सरळ अंधश्रद्धा ठरवतात. त्यांचा राग वेगळीकडे आहे: तोच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून पर्यायी शब्दांची भरती करणं, साध्या शब्दाला लाजून उच्चभ्रू शब्द घेणं, चार शब्दांत सांगता येईल ते चौदा शब्दांत सांगणं. म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ आणि समज यांची जिथं हेळसांड होते, तिथं त्यांची लेखणी धार लावून उभी असते.

युद्धानं हा प्रश्न कारभाराच्या टेबलावर आणला. ९ ऑगस्ट १९४०ला, लंडनवरची बॉम्बफेक तोंडावर आलेली असताना, चर्चिल यांनी आपल्या खात्यांना एक छोटं टिपण पाठवलं. विषय एवढाच, की अहवाल आखूड लिहा आणि अंग भरण्यासाठी घातलेली लांबलचक सरकारी वाक्यं काढून टाका. पंतप्रधानाला त्या दिवसांत दुसरी कामं नव्हती असं नाही. रोज ढिगानं येणारे कागद वाचण्यात माणसांची शक्ती वाया जाते, हे त्यांना दिसत होतं. पुढे अर्थखात्याच्याच सांगण्यावरून अर्नेस्ट गावर्स या मुरलेल्या सनदी अधिकाऱ्यानं १९४८मध्ये 'प्लेन वर्ड्स' लिहिलं. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेलं ते पुस्तक लोकांनी विकत घेऊन वाचलं. पत्र पाठवणाऱ्या कारकुनानं आधी विचार करावा, की हे पत्र उघडणाऱ्याला काय हवं आहे, हा गावर्स यांचा साधा आग्रह.

या दोघांच्या मधल्या काळात, एप्रिल १९४६मध्ये, जॉर्ज ऑरवेल यांचा राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरचा निबंध 'होरायझन' मासिकात आला. ऑरवेल बिहारमधल्या मोतिहारीत जन्मले, ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी होते. साम्राज्याची भाषा त्यांनी आतून ऐकलेली होती. गावावर बॉम्ब टाकायचे आणि कागदावर त्याला 'पॅसिफिकेशन' लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जळतं घर येत नाही, ही क्रिया त्यांनी उलगडून दाखवली. त्या निबंधातले नियम मला सगळे पटत नाहीत. कर्मणी प्रयोग टाळा म्हणतात, आणि खुद्द त्या निबंधात तो भरपूर आहे. जेफ्री पुलम यांच्यासारख्या व्याकरणकारांनी हे अचूक दाखवलं आहे. 'पूल पुरात वाहून गेला, नवा पूल बांधला गेला' यात कुणी काही लपवलेलं नाही. दोष प्रयोगाचा नाही. कर्ता मुद्दाम गायब करण्याचा आहे. पण शब्द सुंदर करून कृत्य झाकलं जातं, हे ऑरवेल यांचं निरीक्षण नंतरच्या प्रत्येक दशकानं खरं ठरवलं. २००१नंतर अमेरिकी सरकारनं कैद्यांच्या छळाला 'एन्हान्स्ड इंटरॉगेशन' म्हणायला सुरुवात केली. व्याकरणात काडीची चूक नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखं वर्तमानपत्रही स्वतःच्या वाक्यात 'टॉर्चर' हा शब्द घालायला अडखळत राहिलं. तो आता वापरू असं त्याच्या संपादकांनी जाहीर केलं ते २०१४च्या ऑगस्टमध्ये.

कागदाच्या भाषेवर रस्त्यात उतरून भांडण्याचा मान लिव्हरपूलच्या क्रिसी मेहर यांचा. १९७९मध्ये त्यांनी लंडनच्या पार्लमेंट चौकात सरकारी फॉर्मच्या चिंध्या केल्या आणि 'प्लेन इंग्लिश कँपेन' उभी केली. गरिबांच्या हक्काचे पैसे त्यांना न समजणाऱ्या फॉर्ममध्ये अडकून राहतात, हा त्यांचा मुद्दा होता. अमेरिकेत २०१०मध्ये सरकारी लेखन सुबोध असावं असा कायदा झाला, त्याच्यामागे अशाच कार्यकर्त्यांची अनेक वर्षांची धडपड होती.

पण एखाद्या शब्दानं माणसाचं नेमकं काय होतं, हे जवळून पाहायचं तर ब्रिटनच्या पोस्ट खात्याचं प्रकरण वाचावं. या पुस्तकातला सगळ्यात मोठा भाग मी त्याला दिला आहे.

ब्रिटनमधल्या पोस्टाच्या बहुतेक शाखा सब-पोस्टमास्तर चालवतात. म्हणजे गावातलं किराणा किंवा स्टेशनरीचं दुकान आणि त्यातच एका बाजूला पोस्टाची खिडकी. यात भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबं. १९९९च्या सुमाराला या शाखांत फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही संगणकप्रणाली बसवायला सुरुवात झाली. रात्री हिशेब जुळवायला बसलं, की पडदा सांगायचा, गल्ल्यात इतके पौंड कमी आहेत. पोस्टाच्या भाषेत त्याला 'शॉर्टफॉल' म्हणत. शॉर्टफॉल म्हणजे तूट. तूट म्हटलं, की पैसे होते आणि आता ते नाहीत, हे कबूल करूनच बोलणं सुरू होतं. मग प्रश्न एकच राहतो: नेले कुणी? यंत्रानं खोटा आकडा दाखवला असेल, ही शक्यता त्या शब्दातच शिरू शकत नाही. तूट भरून देण्याची जबाबदारी करारानं सब-पोस्टमास्तरवर. लोकांनी साठवलेले पैसे भरले, नातलगांकडून उसने घेतले, घरं गहाण टाकली. मदतीच्या फोनवर अनेकांना ऐकवलं गेलं, की असा त्रास तुम्हालाच होतो आहे, इतर कुणाला नाही.

१९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक सब-पोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरवण्यात आलं. त्यांतले बहुतेक खटले पोस्टानं स्वतःच चालवले होते. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा २०१०च्या नोव्हेंबरात तुरुंगात गेल्या, तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. शिक्षा पंधरा महिन्यांची. त्यांनी एक पेनीही घेतली नव्हती.

२०१३च्या उन्हाळ्यात बाहेरच्या तपासनिसांचा अंतरिम अहवाल यायचा होता आणि प्रणालीतल्या दोषांचा उल्लेख टाळता येणार नव्हता. तेव्हा पोस्टाच्या मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांनी आपल्या यजमानांना विचारलं, की संगणकातल्या 'बग'साठी भावना न चाळवणारा एखादा शब्द सुचतो का. त्यांनी दोन सुचवले: 'एक्सेप्शन' किंवा 'अ‍ॅनॉमली'. २०२४च्या मे महिन्यात सार्वजनिक चौकशीत हे सांगणारा त्यांचा ईमेल पडद्यावर लावून त्यांना त्याबद्दल विचारण्यात आलं. हे वाचताना मला जो राग आला तसा 'लिटरली' ऐकून कधी आला नाही. 'बग' म्हटलं तर यंत्र बिघडलेलं आहे, मग त्याच्या आकड्यांवर झालेल्या शिक्षांचं काय, हा प्रश्न पुढच्याच क्षणी उभा राहतो. 'अ‍ॅनॉमली' म्हटलं तर एखादी किरकोळ विसंगती. नोंद करावी आणि पुढच्या विषयाकडे वळावं. शब्दाची निवड शुद्धलेखनाच्या, व्याकरणाच्या, अभिरुचीच्या कुठल्याही कसोटीवर निर्दोष होती.

उलट बाजूही याच प्रकरणात आहे. वेल्समधल्या लँडडनोची आपली शाखा २००३मध्ये गमावलेले अ‍ॅलन बेट्स आणि त्यांचे सोबती उच्च न्यायालयात गेले. २०१९च्या डिसेंबरात न्यायमूर्ती फ्रेझर यांचा निकाल आला. त्यांनी सबंध निकालपत्रात एक साधी शब्दावळ धरली: 'बग्ज, एरर्स अँड डिफेक्ट्स'. एकेका बगचं नाव घेऊन त्यांनी तो कधी, कसा हिशेब बिघडवत होता हे लिहिलं. मग एप्रिल २०२१मध्ये अपील न्यायालयानं सीमा मिश्रांसह एकोणचाळीस जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि मे २०२४मध्ये उरलेल्या बहुतेकांसाठी संसदेनं कायदाच केला. या साऱ्यामागे बेट्स आणि त्यांच्या सोबत्यांची वीस वर्षांची झुंज आहे, शब्दांनी एकट्यानं काही झालेलं नाही. पण त्या निकालपत्रात बिघाडाला बिघाड म्हटल्यावर बचावाला उभं राहायला जागा राहिली नाही, हेही तितकंच खरं.

कर्ता लपवण्याचं इंग्रजीचं हे वळण आपल्या घरात कसं आलं, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. 'आपणास कळविण्यात येते की', 'निर्णय घेण्यात आला आहे', 'कारवाई करण्यात येईल' या वाक्यांवर आपलं निम्मं सार्वजनिक आयुष्य चालतं. मराठी व्याकरणाची पुस्तकं 'नवीन कर्मणी' प्रयोगाबद्दल स्वतःच सांगतात, की तो इंग्रजीच्या नमुन्यावर आला. इंग्रजी कागदांचं मराठी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एका विम्याच्या पत्राचं मराठी करताना मूळ इंग्रजी वाक्य असं होतं, की खेद वाटतो, दावा अनुकूलपणे विचारात घेता आला नाही. खेद कुणाला वाटतो, ते नाही. विचारात कुणाला घेता आला नाही, ते नाही. का, तेही नाही. पत्र ज्या बाईंना जाणार होतं त्यांच्या नवऱ्याचं अपघाती निधन झालेलं. 'आम्ही तुमचा दावा नाकारला आहे. कारण हे. पटत नसेल तर या पत्त्यावर, इतक्या दिवसांत तक्रार करा,' असं मराठी मी लिहून दिलं. परत आलं ते 'अमान्य करण्यात येत आहे' होऊन. 'आम्ही' हा शब्द तेवढा खोडलेला होता, आणि तक्रारीचा पत्ता पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत गेला होता.

या पुस्तकातल्या नोंदींची मांडणी त्यामुळेच वर्णानुक्रमे नाही. 'लिटरली', 'होपफुली' आणि त्यांच्यासारखे जुने आरोपी पहिल्या भागात थोडक्यात आटोपले आहेत. 'होपफुली'बद्दल तर असोसिएटेड प्रेसनं २०१२मध्ये विरोध सोडला, आता आपण तो उकरून काढण्यात अर्थ नाही. 'लीव्हरेज', 'सिनर्जी', 'राइटसाइझिंग' अशा कंपन्यांच्या शब्दांना दुसरा भाग आहे. त्यांत नुसते फुगलेले कोणते आणि नोकरी गेल्याची बातमी झाकणारे कोणते, हे वेगळं केलं आहे. फुगलेल्या शब्दांना मी फारशी जागा दिलेली नाही. तिसरा भाग युद्ध आणि तुरुंगांच्या भाषेचा, चौथा पोस्टाचा. शेवटी काही इंग्रजी आणि मराठी पत्रं आहेत, नावं-गावं काढून टाकलेली. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर साधं केलेलं. वाचकानं उजवं पान आधी झाकून ठेवावं, डावीकडच्या प्रत्येक वाक्याला 'कुणी?' आणि 'मग मी आता काय करायचं?' हे दोन प्रश्न विचारावेत, आणि आपलं उत्तर पेन्सिलीनं समासात लिहूनच उजवीकडे वळावं. समास त्यासाठी रुंद ठेवले आहेत.